अंतरपाट आणि अंगठ्याखालचं बटण

सुदेशने केलेलं माझ्या भाचीच्या लग्नाचं शूटिंग मी आतापर्यंत पंचवीस-तीस वेळा तरी पाहिलं असेल. कौतुकाने नाही, चुका काढायला. भरपूर सापडतात. उजेड मध्येच उडी मारतो, पांढऱ्या शर्टांचा चुना होतो, सावलीत रवा सांडल्यासारखे दाणे दिसतात. प्रत्येक चुकीला मला बरं वाटतं. मग एक जागा येते आणि तिथे मी टीव्ही बंद करतो. त्या जागेबद्दल लिहायचं आहे, पण त्याआधी आमचा धंदा थोडा सांगावा लागेल.

लालबाग-परळपासून गिरगावपर्यंत घरगुती समारंभांचं शूटिंग करणं हे माझं काम. साखरपुडा, बारसं, मुंज, आरती, लग्न. कॅमेरा खिशात मावेल एवढा. तो मी हौसेने घेतलेला नाही, आमच्याकडच्या खोल्यांमुळे घेतला आहे. दहा बाय बाराच्या खोलीत एक पाळणा आणि वीस बायका असतात. तिथे मोठा कॅमेरा खांद्यावर घेऊन तुम्ही वळलात की कुणाच्या तरी अंबाड्यावर बसणार. माझा कॅमेरा पाळण्याच्या दोरीपाशी धरता येतो, बाळालासुद्धा कळत नाही.

पण लोकांना तो पटत नाही. काळाचौकीला एका आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाला गेलो, तर आजोबांनी दारातच अडवलं.

"कॅमेरामन कुठे आहे?"

"मीच."

"आणि कॅमेरा?"

मी खिशातून काढून दाखवला. त्यांनी तो चष्मा वर करून पाहिला. "एवढासाच? असला तर नातवाकडेही आहे. मोठा नाही आणलात?"

तेव्हापासून मी त्या एवढ्याशा कॅमेऱ्याखाली छातीएवढा स्टँड लावतो. शूटिंगला त्याचा बहुतेक वेळा काही उपयोग नसतो, पण यजमानांचं समाधान होतं.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. बी.ए., सेकंड क्लास. माझी मोठी बहीण, सुलभाताई, हुशारीने माझ्यापेक्षा पुढे होती, पण घरातून एकालाच शिकवणं जमणार होतं आणि तिने दहावीनंतर शाळा सोडली. यावर आमच्याकडे कुणी कधी बोललं नाही. कॅमेरा घेतला तेव्हा खोक्यात जाडजूड इंग्रजी पुस्तक आलं. आमच्या लायनीत ते कुणी उघडत नाही. मी शेजारी डिक्शनरी ठेवून, हातात पेन्सिल घेऊन पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. ताई आजही फणसवाडीत शेजारणींना सांगते, "आमचा बाळू नुसतं बटण दाबत नाही, वाचून शूटिंग करतो." मला हे वाक्य फार आवडतं. कितीही वेळा ऐकलं तरी आवडतं.

वाचून मला काय कळलं ते सांगतो. कॅमेऱ्याला पांढरं आवडत नाही आणि काळंही आवडत नाही. समोर येईल ते सगळं सरासरी सावळं करून टाकायचं, एवढंच त्याला समजतं. आरतीच्या वेळी खोली अंधारी असते. मग तो खोली उजळवायला जातो आणि निरांजनाच्या ज्योतीचा पांढरा गोळा होतो, गणपतीचं तोंड भाजून निघतं. तिथे हाताने प्लस-मायनसची चकती मायनसकडे फिरवावी लागते. फोटोत हे एकदा चुकलं तर एक फोटो जातो. व्हिडिओत चुकलं तर कॅमेरा ती चूक तुमच्या डोळ्यांदेखत सुधारायला लागतो. उजेड वरखाली होतो आणि ते सगळं दिसतं. आम्ही म्हणतो, उजेड हलला.

सगळ्यात जास्त हलतो तो अंतरपाटाला. नवरा-नवरीच्या मध्ये पांढरंशुभ्र कापड धरलेलं असतं, त्यावर स्टेजचे दिवे. कॅमेऱ्याला वाटतं, बाप रे, केवढा उजेड! म्हणून तो सगळं काळं करतो. शेवटचं 'सावधान' होतं, कापड खाली येतं, आणि ज्या क्षणासाठी तीनशे माणसं मान उंच करून उभी असतात त्या क्षणी दोन्ही चेहरे कोळशासारखे. हार घालून झाले की मग कॅमेऱ्याला जाग येते.

यावर माझा उपाय असा. मुहूर्ताच्या आधी नवरी जिथे उभी राहणार तिथे जायचं, आपला तळहात त्या उजेडात धरायचा आणि कॅमेऱ्यात नुसता तळहात घ्यायचा. तळहात चेहऱ्यापेक्षा उजळ असतो, म्हणून एक स्टॉप वर, म्हणजे उजेड दुप्पट. मग एक बटण दाबायचं आणि उजेड तिथेच बांधून टाकायचा. आता अंतरपाट येवो नाही तर आणखी काही येवो, कॅमेरा जागचा हलत नाही. कापड खाली आलं की चेहरा जसा आहे तसा. हे बटण मी कुणाला दाखवत नव्हतो. दाबायची वेळ आली की कॅमेरा पोटाशी धरायचा.

आता सुदेश. परळचा, वयाने माझ्यापेक्षा अठरा-वीस वर्षांनी लहान, बारावी नापास, आणि कॅमेरा माझ्यासारखाच, त्याच कंपनीचा. पुस्तक त्याने खोक्यातून बाहेरच काढलं नाही. मला म्हणायचा, "दादा, तुम्ही कॅमेरा वाचता, मी चालवतो." हसत म्हणायचा, म्हणून रागावताही यायचं नाही. माझ्यापेक्षा त्याला कामं जास्त मिळत. कारण सोपं होतं. तो सगळ्यांचे चेहरे चकती फिरवून दीड-दोन स्टॉप वर ठेवायचा. नाकं पुसली जायची, दागिन्यांचे डाग व्हायचे, पण माणसं गोरी दिसायची.

दादरच्या एका नवरीच्या आत्याने माझं शूटिंग बघून तोंड वाकडं केलं होतं. "पोरगी सावळी दिसतेय हो."

म्हटलं, "सावळीच आहे."

"ते आम्हाला माहीत आहे. व्हिडिओत कशाला?"

पुढचं लग्न त्यांनी सुदेशला दिलं. त्या आत्याचा मला राग आला नाही. सुदेशचा आला.

आणि मग प्राजूचं लग्न ठरलं. प्राजू म्हणजे ताईची एकुलती एक मुलगी. तिच्या बारशाचं शूटिंग मी केलेलं, वाढदिवसांचं मी केलेलं. लग्नाचं मीच करणार हे विचारायचीही गरज नव्हती. तर ही मुलगी लाडीगोडी लावत म्हणते, "मामा, शूटिंगला मी सुदेशदादाला सांगितलंय."

"का? माझ्यात काय कमी आहे?"

"तुझ्यात कमी काही नाही रे. तू मामा आहेस. मामा नवरीला घेऊन येतो आणि तिच्या मागे उभा राहतो. तू मागे उभा राहणार की समोर कॅमेरा धरणार?"

इतकी वर्षं दुसऱ्यांच्या लग्नात "मामा, जरा बाजूला सरका, नवरी झाकली जातेय" असं मीच ओरडत आलो होतो. माझी पण ती पाळी येईल हे लक्षातच आलं नव्हतं.

त्याच दिवशी ताईने मला स्वयंपाकघरात बोलावलं. आमच्यात पद्धत आहे, मंगलाष्टकं चालू असताना मुलीच्या आईने तिथे थांबायचं नाही. तुळशीला पाणी घालत बसायचं. प्राजू तिच्यावर ओरडली होती, आई कुठल्या जमान्यात राहतेस म्हणून. ताई म्हणाली, "माझ्या लग्नात आईने घातलं, मी पण घालणार." मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे मला काहीच दिसणार नाही, बाळू. अंतरपाट बाजूला होताना तू मला दाखव. आणि ह्यांचं तोंड दाखव. हा माणूस आमच्या लग्नात रडला नाही, सासूबाई गेल्या तेव्हा रडला नाही. पोरीच्या वेळी रडतो का ते मला बघायचंय. नंतर विचारलं तर कबूल करणार नाही."

भाऊजी म्हणजे तसे मुखदुर्बळ. चार शब्दांत दिवस काढतील.

मी म्हटलं, "दाखवतो." आयुष्यात ताईने माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. ती सुदेशच्या हातून तिला मिळावी, हे मला झेपणार नव्हतं. ठरवलं, मामा पण व्हायचं आणि कॅमेरा पण धरायचा. खिशात मावणारा कॅमेरा कशासाठी आहे मग?

दादरचा हॉल. दुपारचा मुहूर्त. स्टेजवर झगझगीत दिवे, खाली हॉलमध्ये मात्र अंधुक, खिडक्यांना जाड पडदे. मी लवकर जाऊन तळहात धरून उजेड बघून घेतला. मागून सुदेश आला.

"दादा, एक विचारू? अंतरपाटाला माझे चेहरे काळे पडतात. मग एकदम उजळतात. तुमचे पडत नाहीत. काय करता तुम्ही?"

साधा प्रश्न होता. साधं उत्तर होतं, एका वाक्याचं. लग्न माझ्या भाचीचं होतं. कुणीही सांगितलं असतं.

मी म्हटलं, "काही नाही रे. ऑटोवर ठेव. ऑटोला सगळं कळतं."

"ऑटोवर? मी हाताने फिरवायचं म्हणत होतो."

"हाताने काही करू नकोस. घाईत घोळ होईल. ऑटो."

"बरं दादा," म्हणाला आणि गेला. मला गुदगुल्या झाल्या. खोटं का सांगू? अंतरपाट खाली येणार, याचे चेहरे काळे, माझे लख्ख. प्राजू दोन्ही शेजारी शेजारी लावून बघणार. बघू दे.

गुरुजींनी हाक दिली, "मामा, मुलीला घेऊन या." मी प्राजूला घेऊन आलो. एक हात तिच्या खांद्यावर, दुसऱ्यात कॅमेरा. गुरुजींनी मंगलाष्टकाच्या आधी माझ्याकडे पाहिलं. "मामा, हात जोडायचे असतात."

"एक जोडलेला समजा," मी म्हटलं. आजूबाजूला हशा झाला. प्राजूने कोपर मारलं, "मामा, गप ना."

खांद्यावरचा तळहात क्षणभर कॅमेऱ्यासमोर धरला आणि बटण दाबून उजेड बांधला. सुदेश स्टेजच्या कडेला उभा होता. तो सारखा माझ्याकडेच बघत होता, म्हणून मी कॅमेरा आणखी आत ओढला. शेवटचं 'सावधान' झालं, वाजंत्री वाजली, कापड खाली आलं, अक्षता उडाल्या. माझ्या स्क्रीनवर जावयाचा चेहरा असा आला की वा! कपाळावरचा घामाचा थेंब मोजून घ्यावा.

मग ताईचं काम. भाऊजी कुठे? स्टेजवर नव्हते. हॉलमध्ये शोधलं तर डाव्या खांबाच्या मागे, खुर्च्या रचून ठेवल्या होत्या त्या अंधारात, एकटे. मी कॅमेरा तिकडे वळवला. स्क्रीनवर काळं. नुसतं काळं, त्यात आणखी काळी आकृती.

आता हे स्पष्ट लिहितो. काय करायला हवं होतं ते मला त्याच क्षणी कळलं होतं. अंगठा उचलायचा, बटण पुन्हा दाबायचं, बांधलेला उजेड सोडायचा. दोन सेकंदांत कॅमेऱ्याने भाऊजींचं तोंड वर आणलं असतं. पण उजेड हलला असता. माझ्या शूटिंगमध्ये, माझ्या भाचीच्या लग्नात, आणि सुदेशने ते पाहिलं असतं. मी सोडला नाही. मनाला म्हटलं, ही स्क्रीन लहान आहे, मोठ्या टीव्हीवर दिसेल. इतकी वर्षं काम केलेल्या माणसाला पक्कं ठाऊक असतं की जे आलेलं नाही ते मोठ्या टीव्हीवरही येत नाही.

पुढच्या रविवारी सकाळी फणसवाडीत सगळे जमलो. ताई, भाऊजी, माहेरपणाला आलेली प्राजू, आणि पेनड्राइव्ह घेऊन आलेला सुदेश. आधी माझं लावलं. अंतरपाट गेला, चेहरा लख्ख. "काय रंग आलाय मामा!" प्राजू म्हणाली. मी सुदेशकडे पाहिलं. तोही मान डोलवत होता.

मग चित्र खांबाकडे गेलं.

ताई पुढे सरकली. "हे काय आहे?"

"भाऊजी."

"कुठे?"

"ते काय, मध्ये."

ताईने डोळे बारीक केले. "हा तर खांब आहे रे."

"खांब त्यांच्या शेजारी आहे."

"असेल," ताई म्हणाली आणि मागे टेकली. मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

मग सुदेशचं. अंतरपाट खाली आला आणि चेहरे कोळसा. मी खुर्चीत सावरून बसलो. "बघा," मी म्हटलं, "उजेड हलला. याला म्हणतात..." पण कुणी ऐकत नव्हतं. काळोखातून प्राजूचा चेहरा हळूहळू वर आला, आणि प्राजूनेच "अय्या, कसलं भारी!" म्हणून टाळी वाजवली. मग त्याचाही कॅमेरा खांबाकडे गेला. आधी काळं. मग ऑटोने आपलं काम सुरू केलं. खुर्च्या दिसल्या, खांब दिसला, आणि दाण्यादाण्यांतून भाऊजी आले. फेट्याचा शेमला दोन्ही हातांनी तोंडावर धरलेला, खांदे हलत होते. एकदा त्यांनी शेमला खाली घेतला, स्टेजकडे बघितलं आणि परत तोंडावर ओढला.

ताई उठून टीव्हीच्या अगदी जवळ गेली. "परत लाव."

सुदेशने परत लावलं.

"परत."

भाऊजी खिडकीकडे बघत म्हणाले, "अक्षता गेली होती डोळ्यात."

"खांबामागे?" ताई म्हणाली. "आणि दोन्ही डोळ्यांत?"

"उडते कुठेही."

प्राजू हसता हसता रडायला लागली. ताईने हात लांब करून टीव्हीवरच्या त्या तोंडावर बोट ठेवलं. आमच्याकडे पाठ होती तिची. मला तिचा चेहरा दिसला नाही. मी चेहरे बघणारा माणूस, आणि जो बघायला मी एवढा आटापिटा केला तो माझ्या वाट्याला आला नाही.

एवढ्यावर संपलं असतं तरी मी जळलोच असतो, पण सुदेश म्हणाला, "काकी, श्रेय दादांचं. मी हाताने करणार होतो, तर दादांनीच सांगितलं, ऑटोवर ठेव. हाताने केलं असतं तर माझा पण खांबच आला असता."

ताई वळली. डोळे पुसत म्हणाली, "बघ! म्हणजे तूच दाखवलंस मला. सांगितलं होतं ना दाखवतो म्हणून." आणि शेजारीण आली होती तिला, "आमचा बाळू वाचून करतो सगळं."

मी चहाचा कप तोंडाला लावला. ते वाक्य आयुष्यात पहिल्यांदा मला नको झालं.

जिना उतरताना मी सुदेशला विचारलं, "भाऊजी तुला दिसले कसे? तिथे तर अंधार होता."

"मला कुठे दिसले, दादा? मी तुमचा अंगठा बघत होतो."

"अंगठा?"

"अंतरपाटाच्या आधी तुमचा अंगठा काहीतरी दाबतो. मागच्या दोन लग्नांना मुलीकडून तुम्ही होतात, मुलाकडून मी, तेव्हापासून बघतोय. तुम्ही कॅमेरा तिकडे वळवलात, मी बघत होतो म्हणून मी पण वळवला. अंगठा काही दिसला नाही."

म्हणजे त्याला कळलं होतं की मी लपवतोय. तरी वर ताईसमोर श्रेय मला देऊन आला होता. हे तो भोळेपणाने बोलला की मला चिमटा काढला, मला अजून ठरवता आलेलं नाही. सांगायला तीच वेळ होती. आम्ही खाली रस्त्यावर आलो, मी "चल, उशीर होतोय" म्हटलं आणि उलट्या दिशेने चालायला लागलो.

त्यानंतर आम्ही किती तरी हॉलमध्ये समोरासमोर आलो. तो नमस्कार करतो, मी कॅमेरा पोटाशी धरतो.

आता हे दिवाळी अंकात छापून येईल. माझं नाव असलेला अंक ताई जाहिरातींसकट वाचते. तिला कळेल की त्या दिवशी भाऊजींचं तोंड तिला माझ्या वाचनामुळे दिसलं नाही, माझ्या जळकेपणामुळे दिसलं. तिचा आधी मला फोन येईल, मग सुदेशला जाईल. तो स्वतः काही वाचत नाही, म्हणून ताई, हे त्याला नीट वाचून दाखव.

सुदेश, कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूला उजव्या अंगठ्याखाली चांदणीची खूण असलेलं बटण आहे. तुझ्याही कॅमेऱ्याला आहे. नवरी उभी राहणार तिथे तळहात धर, एक स्टॉप वर घे आणि ते दाब. अंतरपाट गेला की चेहरे तयार असतील. एवढंच आहे. इतकी वर्षं एवढंच होतं. आणि कुणी खांबामागे जाऊन उभा राहिला, तर तेच बटण परत दाबून उजेड सोडून दे. हलेल. हलू दे.

हे शेवटचं पुस्तकात कुठे लिहिलेलं नाही आणि मीही अजून केलेलं नाही. तुळशीचं लग्न झालं की माझगावला एक लग्न आहे, तिथे करून बघणार आहे. तुला त्या लग्नाचं बोलावणं नाही, हे मी आधीच विचारून घेतलंय.